तासाला वीस मिनिटं दिली की झालं?

परवा स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, "ऑटिझमवाल्यांना परीक्षेत तासामागे 20 मिनिटं जास्त देतोच की आपण. आणखी काय करायचं?" तेव्हा मी गप्प बसले. इथे लिहिते.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे केमिस्ट्रीला ऑटिझम असलेला एक मुलगा होता. जास्तीचा वेळ त्याने कधी वापरलाच नाही. तीन तासांचा पेपर दोन तासांत देऊन मोकळा. त्याचं घोडं अडलं प्रॅक्टिकलला. आदल्या रात्री साडेदहाला ग्रुपवर मेसेज: बॅच बदलली, अकराऐवजी आठला या. बाकीची पोरं शिव्या घालत आली. हाही आला, पण लॅबच्या दारातच थिजला. कसाबसा आत येऊन बसला. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक्स्टर्नलनी (बाहेरून आलेल्या परीक्षकांनी) विचारलं, "टायट्रेशनबद्दल काय सांगशील?" तो म्हणाला, "टायट्रेशनबद्दल काय?"

त्याला खरंच कळत नव्हतं की नेमकं काय हवंय. एक्स्टर्नलना तो उर्मटपणा वाटला. मार्क तसेच पडले. इंटर्नल म्हणून शेजारी मीच बसले होते आणि तोंड उघडलं नाही. "इंडिकेटर का घालतात?" एवढंच विचारलं असतं तरी त्याने दहा मिनिटं सांगितलं असतं.

(मराठीत आपण 'स्वमग्न' म्हणतो. मला तो शब्द खटकतो. हा कुठला स्वतःत मग्न? ट्यूबलाइटची घरघर, बेसिनचा गळका नळ, मागच्या बाकावरची कुजबुज, सगळं त्याला एकदमच ऐकू येत होतं.)

1995 च्या अपंग कायद्यात ऑटिझमचं नावही नव्हतं. 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत तो आला, सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत दिव्यांगांसाठी किमान 5 टक्के जागा आल्या. ॲडमिशन मिळते हो. पुढे काय? आपल्याकडे दिव्यांग म्हटलं की रॅम्प. नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फायलीत त्याचा फोटो चिकटवला की विषय संपला.

आणि दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट. कित्येक घरांत ते काढतच नाहीत, पुढे लग्नाला आड येईल म्हणून. मग ऑफिसात उत्तर ठरलेलं: 40 टक्के दिव्यांगत्वाचा कागद नाही, सवलत नाही. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने यूपीएससीच्या एका उमेदवाराच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की रायटरसारखी (उत्तरं लिहून देणाऱ्या मदतनिसासारखी) सोय 40 टक्क्यांवर अडवता येणार नाही. त्याला हाताने लिहायला त्रास व्हायचा. निकाल ऑटिझमचा नव्हता, पण तत्त्व तेच.

माझ्या वर्गात 120 मुलं आहेत, निम्मे सहकारी तासिका तत्त्वावर, काउन्सेलर नाही. सगळं मान्य. पण गेल्या वर्षी एका मुलीसाठी मी व्हायवाचे प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून नेले. ती वाचायची, थांबायची, मग बोलायची. खर्च: एक पाठकोरा कागद. तिच्या बॅचची बाकीची कार्टी लगेच म्हणाली, मॅडम, आम्हालाही चिठ्ठीच द्या. दिली.

ग्रुप प्रोजेक्टचं अजून जमलेलं नाही. "चार-चारचे गट करा" म्हटलं की कोण एकटं उरणार हे मला आधीच ठाऊक असतं. आता गट मीच पाडते, तरी चौघांत एकजण बाजूलाच बसलेला दिसतो.

सोमवारपासून प्रॅक्टिकल आहेत. बॅचवार वेळापत्रक आजच लॅबच्या दारावर लावलंय. एचओडी सर, तुम्ही ही पोस्ट वाचताय हे मला माहितीये. काही बदलायचं असेल तर उद्या दुपारपर्यंत सांगा. रविवारी रात्री साडेदहाला नको.