कोरड्या नाल्याचे वारसदार

सातपुड्यातून निघून तापीकडे जाणारा एक नाला आमच्या शेताच्या अलीकडून जातो. वर्षातले आठ महिने त्यात पाण्याचा टिपूस नसतो. गाजरगवत आणि कचरा मात्र बारमाही. त्यात मेलेलं ढोर पडलं की तो कुणाच्याच हद्दीत येत नाही. मी त्यावर पाइपमोरी, म्हणजे खालून पाइपातनं पाणी जाईल असा छोटा पूल, टाकायची म्हटलं आणि त्याला चहूकडून वारस फुटले.

जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या केळीला रस्ता मिळाला नाही. ट्रक पलीकडच्या काठाला उभा राहतो, मजूर घड घेऊन नाल्यात उतरतात नि चढतात. एखादा घड आपटला की व्यापारी सगळ्याच मालाचा भाव पाडतो.

ग्रामपंचायतीनं झटक्यात ठराव दिला : आमची हरकत नाही, वरून परवानगी आणा. तलाठीभाऊंनी महसूल अधिनियम 1966, कलम 20 दाखवलं. नाला सरकारचा. आता सरकारातल्या कोणाचा, ते मी शोधायचं. एका खात्यानं सांगितलं, हा नाला अधिसूचित नाही, शेजारच्या इमारतीत जा. शेजारचे म्हणाले, तुमच्या नाल्यात आमचा सिमेंट बंधारा असता तर आमचा संबंध आला असता. बंधारा नसल्याचं इतकं दुःख मला दुष्काळातही झालं नव्हतं.

परवानगीचा नियम खोटा आहे असं नाही. मोरी अरुंद झाली की पावसाळ्यात डोंगरातून येणारी झाडंझुडपं पाइपात अडकतात आणि पाणी शेजाऱ्याच्या बागेत शिरतं. म्हणून पाणलोट क्षेत्र काढा, विसर्गाचा हिशेब जोडा, नकाशावर पूररेषा दाखवा. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. आमच्या नाल्याला मी तोवर फक्त शेळ्या चारताना पाहिलं होतं.

अखेर मे महिन्याच्या भर दुपारी साहेब स्थळपाहणीला आले. डोक्याला रुमाल गुंडाळून त्यांनी विचारलं, "सर्वोच्च पूरपातळी?"

बांधावरच्या नानांनी काठीनं निंबाची फांदी दाखवली. "आठेलोंग पानी उनं व्हतं. आमनी म्हैस आठेच अडकेल व्हती."

"साल कोणतं?"

"म्हैस दुभती व्हती तवयनी गोष्ट."

साहेबांनी पेन थोडा वेळ कागदावर अधांतरी धरलं आणि मग लिहिलं, 'स्थानिक चौकशीनुसार'. म्हशीचा उल्लेख राहिला, याचं नानांना अजून वाईट वाटतं.

निघताना माझ्यानं राहवलं नाही. दोन शेतं वर एकानं हाच नाला रातोरात जेसीबीनं सपाट करून त्यावर केळी लावलीय, ती मी बोटानं दाखवली. साहेबांनी डोळ्यांवर हात धरून तिकडे नीट पाहिलं. बाग खरंच चांगली आली होती.

"त्यांचा अर्ज," ते म्हणाले, "आमच्याकडे आलेला नाही."