‘सिनेमाला पैसे कशाला, आधी खड्डे बुजवा’ : त्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. सोसायटीच्या, शाळेतल्या मैत्रिणींच्या, माहेरच्या आणि भिशीच्या. मजकूर थोडक्यात असा : सरकार मराठी सिनेमाला लाखांनी अनुदान वाटतं, हा फुकटचा पैसा. सिनेमावाले आधीच श्रीमंत. पैसा ठाण्याबाहेर जातो. ते सिनेमे कुणी बघत नाही. चांगला सिनेमा स्वतःच्या पायावर उभा राहतो. तेव्हा हे सगळं बंद करा आणि घोडबंदर रोडचे खड्डे बुजवा. शेवटी ‘सहमत असाल तर पुढे पाठवा.’

मी सहमत नाही. मी शूटिंगवर हिशेब सांभाळते. सिनेमाचा पैसा शेवटी कुणाच्या हातात पडतो, ते मी पॅकअपनंतर रोज मोजते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘सिनेमावाले आधीच श्रीमंत.’ दोन वर्षांपूर्वी येऊरला एका छोट्या मराठी सिनेमाचं शूटिंग होतं. त्यातल्या एका दिवसाची माझी व्हाउचरं सांगते. सकाळी सहाचा कॉल. नाश्ता आणि दोन वेळचं जेवण कळव्याच्या एका ताईंकडून, त्यांच्या हाताखाली पाच बायका. जनरेटर भिवंडीचा, डिझेलचं व्हाउचर वेगळं. ताडपत्री, सुतळी, बादल्या, झाडू जांभळी नाक्यावरून. दोन टेम्पो. कपड्यांना इस्त्री करणारा एक, रात्री सामान राखणारा एक. झोपडीचा सेट उभा करणारे तीन सुतार वागळे इस्टेटचे. त्यातले एक काका पूर्वी तिथल्याच कारखान्यात पॅकिंगच्या लाकडी पेट्या ठोकायचे. कारखाना बंद पडला तेव्हा सेटच्या कामाला लागले. बाजाराच्या सीनसाठी पाड्यावरच्या बारा जणी होत्या. त्यातल्या एका आजींनी अंगठा उठवला, शाई पदराला पुसली आणि नोटा दोनदा मोजून कमरेला खोचल्या. नायकाची सही माझ्या पुस्तकात नसते, त्याचा करार निर्माता वेगळा करतो. मेसेज लिहिणाऱ्याला तो एकटाच दिसतो. मला त्याच्या मागची साठ-सत्तर माणसं दिसतात, आणि त्यातलं कुणीही श्रीमंत नाही. मालिकांमध्ये तर नव्वद दिवसांनी पैसे हा रिवाजच आहे. आज केलेल्या कामाचा चेक तीन महिन्यांनी येणार, हे धरून या लोकांना घर चालवावं लागतं.

‘पैसा बाहेर जातो.’ हा मुद्दा खरा महत्त्वाचा आहे, म्हणून इथे जरा थांबते. प्रादेशिक चित्रपट निधी, म्हणजे एखाद्या राज्याने किंवा भागाने सिनेमासाठी बाजूला ठेवलेला पैसा, ही कल्पना ज्यांनी नीट राबवली, त्यांनी हाच प्रश्न पहिल्यांदा सोडवला. जर्मनीत कोलोन आणि ड्युसेलडॉर्फ ज्या राज्यात आहेत, त्या नॉर्थ राइन-वेस्टफालियाचा निधी 1991 पासून आहे. त्यांची अट अशी, की जितके पैसे घ्याल त्याच्या किमान दीडपट आमच्या राज्यात खर्च करा. शिवाय ती रक्कम बहुतेकदा कर्ज म्हणून दिली जाते. सिनेमा चालला तर परत करायची. युरोपियन युनियनने 2013 साली नियम ठरवताना स्थानिक खर्चाची अशी अट मदतीच्या 160 टक्क्यांपर्यंत घालायला मुभा दिली. आपल्याकडे उत्तर प्रदेशानेही शूटिंगचे दिवस मोजूनच अनुदान ठरवलं : निम्मे दिवस राज्यात केले तर कमाल 1 कोटी, दोन तृतीयांश केले तर 2 कोटी. म्हणजे पैसा बाहेर जाऊ नये अशी इच्छा असेल, तर अट घालायला सांगा. निधीच बंद केलात तर इथे जो खर्च झाला असता तोही होणार नाही.

‘ते सिनेमे कुणी बघत नाही.’ काही सिनेमे पडतात, हे मला मान्य आहे. पण आपली, म्हणजे महाराष्ट्र सरकारची योजना चालते कशी ते बघा. सिनेमा पूर्ण करायचा, सेन्सॉर करून घ्यायचा, मग समिती तो बघून गुण देणार. ‘अ’ दर्जा मिळाला तर 40 लाख, ‘ब’ मिळाला तर 30 लाख. ही रक्कम सगळं झाल्यावर हातात येते. तोपर्यंत निर्मात्याने महिना दोन टक्क्यांनी पैसे उचललेले असतात आणि जाहिरातीला काही उरलेलं नसतं. सिनेमा थिएटरला लागतो, लोकांना कळेपर्यंत उतरतोही. केरळच्या चित्रपट विकास महामंडळाने स्त्री दिग्दर्शकांच्या योजनेत सिनेमामागे दीड कोटी ठेवले, आणि ते सिनेमा बनवण्यासाठी. पैसा सुरुवातीला मिळाला की माझ्या जेवणवाल्या ताईंचं बिल त्याच आठवड्यात चुकतं होतं. माझी तक्रार अनुदान मिळतं ही नाही, उशिरा मिळतं ही आहे.

राहिला ‘फुकटचा पैसा’. शंभर रुपयांवरच्या प्रत्येक तिकिटावर आपण 18 टक्के जीएसटी भरतो. 2017 पर्यंत महाराष्ट्रात मराठी सिनेमाला करमणूक कर माफ होता, आता तशी सूट नाही. मराठी सिनेमा सरकारकडून नुसता घेतो, हे खरं नाही.

‘चांगला सिनेमा स्वतःच्या पायावर उभा राहतो’ आणि ‘खड्डे बुजवा’ या दोन्हींना एकच उत्तर देते. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ पैशांअभावी अडकला होता. बायकोचे दागिने, विम्याची पॉलिसी, सगळं गहाण टाकून झालं होतं. मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय यांच्या पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले म्हणून 1955 साली तो पडद्यावर आला. ते पैसे कागदोपत्री रस्ते सुधारणेच्या नावाखाली दिले गेले, असं सांगतात. सरकारला पुढे त्यातून घातल्यापेक्षा जास्त मिळालं. आणि घोडबंदरचे खड्डे? ते महापालिका, बांधकाम खातं आणि एमएमआरडीए यांच्या पैशातून बुजायचे आहेत. सिनेमाचं अनुदान सांस्कृतिक खात्याचं असतं. ते उद्या बंद झालं तरी रस्त्यावर एक पाटी खडी वाढणार नाही. त्या खड्ड्यांतून रोज मीही जाते, त्यासाठी बोलवाल तिथे यायला तयार आहे.

मेसेजला आलेल्या उत्तरांत एकाने लिहिलं होतं, ‘हा रोजगार चार दिवसांचा.’ हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटला. अमेरिकेत मिशिगन राज्याने 2008 साली खर्चाच्या 42 टक्क्यांपर्यंत करसवलत देऊन बाहेरचे मोठे सिनेमे ओढून आणले. 2015 मध्ये ती योजना बंद करावी लागली. नुसती सवलत वाटली तर युनिट येतं, शूटिंग करतं आणि निघून जातं. स्वीडनमधल्या ट्रोलहेटान गावाने दुसरी वाट धरली. तिथे रेल्वे इंजिनं आणि मोटारी बनायच्या. 1992 साली तिथल्या भागासाठी निधी सुरू झाला. तो सिनेमात सहनिर्माता म्हणून भाग घेतो. इंजिनांच्या जुन्या कारखान्याच्या आवारात स्टुडिओ उभा राहिला. बेलफास्टमध्ये जहाजं रंगवायच्या अवाढव्य शेडचा स्टुडिओ झाला. जागा गावातच राहिली, म्हणून माणसंही राहिली.

अशा जागा आपल्याकडे नाहीत का? वागळे इस्टेट ही 1962 सालची, एमआयडीसीची पहिली वसाहत. मागच्या महिन्यात आम्हाला घराचा सेट लावायला शेड हवी होती. सुतारकाका मला त्यांच्या जुन्या कारखान्यात घेऊन गेले. उंच छप्पर, मधे एकही खांब नाही, वाऱ्याला खिडक्या. त्यांनी पावलांनी लांबी मोजली, पेट्यांचं टेबल कुठे होतं ते दाखवलं आणि सेटचा दरवाजा कुठे काढायचा तेही तिथेच खडूने आखलं. भाडं आमच्या आवाक्यात बसलं नाही. सेट गोरेगावला लागला. काका सध्या हत्यारांची पिशवी घेऊन पहाटे ठाण्याहून दादर आणि दादरहून गोरेगाव करतात.