मुसकं कोण बांधणार?

पिटबुल, रॉटवायलर अशा कुत्र्यांच्या जातींवर बंदी घातली की हल्ले थांबतील, असं एका लेखात वाचलं. नेदरलँड्सने १९९३ साली पिटबुलवर बंदी घातली होती. चावे काही कमी होईनात, म्हणून २००८ मध्ये ती उठवायचं ठरवलं. आपल्याकडे केंद्राने मार्च २०२४ मध्ये अशा २३ जातींवर बंदी घालायला सांगणारं परिपत्रक काढलं, तेही कर्नाटक उच्च न्यायालयाने महिन्याभरात रद्द केलं.

आमच्या सोसायटीतला रॉटवायलर दिवसभर बाल्कनीत बांधलेला असतो. संध्याकाळी मालकाची दहा वर्षांची पोरगी त्याला लिफ्टमधून खाली नेते, मुसकं न बांधता! कुत्रं तिला फरफटत नेतं. मोठ्या जबड्याचा चावा जीवघेणा असतो, हे मान्यच. पण माझी पोटरी फोडली ती शेजारच्या पॉमेरेनियनने, आणि मालकीणबाई वर म्हणाल्या, "तुम्हीच घाबरलात."