स्लावुतिचला इतिहास आहे का? काल कट्ट्यावर झालेला वाद

काल चेर्नोबिलच्या अणुवीज प्लांटचा विषय निघाला आणि मी युक्रेनमधल्या स्लावुतिचचं नाव काढलं, तर संज्या लगेच, "१९८८ ला लोक राहायला आले त्या गावाला कसला इतिहास रे, ती प्लांटवाल्यांची कॉलनी."

मला काही हे पटेना. म्हटलं ऐक, १९८६ ला रिअॅक्टर फुटला, प्लांटशेजारचं प्रिप्यात शहर रिकामं केलं, पण बाकीचे रिअॅक्टर चालू ठेवायचे होते, मग कामगार राहणार कुठे? म्हणून पूर्वेला साधारण ५० किलोमीटरवर, नीपर नदी ओलांडून, जंगलात नवं शहर वसवलं. आठ सोव्हिएत प्रजासत्ताकांतून गवंडी, इंजिनियर आले आणि प्रत्येकाने आपापल्या धाटणीची पेठ उभी केली, म्हणून आजही तिथे येरेवान, बाकू, तिबिलिसी, रिगा, टालिन नावाच्या वस्त्या आहेत. मन्या तर खूशच झाला.

संज्या हटेना. "शेवटचा रिअॅक्टर २००० ला बंद पडला ना, मग गाव कशावर जगतं?" मुद्दा रास्त आहे, पोट प्लांटवरच होतं आणि बंद झाल्यावर नोकऱ्या गेल्याच. पण बंद प्लांटलाही माणसं लागतात, वापरलेलं इंधन कोण सांभाळणार?

मग मी २०२२ सांगितलं. २४ फेब्रुवारीला रशियन फौज प्लांटमध्ये घुसली आणि रात्रपाळीला गेलेली माणसं आत अडकली, जवळपास ६०० तास तीच शिफ्ट चालू. २० मार्चला त्यांच्या जागी काम करायला याच गावातून ४६ जण स्वतःहून आत गेले, फौजेच्या ताब्यातल्या प्लांटमध्ये! आणि २६ मार्चला फौज गावात आली, महापौर फोमिचेव्ह यांना धरलं, तर लोक भलामोठा निळा-पिवळा झेंडा धरून चौकात उभे, हवेत गोळ्या झाडल्या तरी हललेच नाहीत. महापौर सुटले आणि थोड्याच दिवसांत फौज निघून गेली. कॉलनीतले लोक असं उभे राहतात का रे?

संज्या बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "आणि आता कामाला कसे जातात?"

पूर्वी ट्रेन होती, मधे बेलारूसच्या हद्दीतून जायची, तासाच्या आत प्लांटवर. युद्धापासून तो रस्ता बंद, आता कीवकडून लांबचा वळसा घालून जातात. तरी जातात.