श्वास अठराच लिहा

नर्सिंगची प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आली की आधी एक चेकलिस्ट पैदा करा. सीनियरकडून आलेली, झेरॉक्सची झेरॉक्स, चौथा मुद्दा स्टेपलरच्या पिनेखाली गेलेली असेल तर उत्तम. पेशंटपाशी बसून हात बसवण्यात वेळ दवडू नका, तो पुढे आयुष्यभर करायचाच आहे. चेकलिस्ट मात्र पाढ्यासारखी आली पाहिजे. हात धुतले, ओळख सांगितली, प्रोसिजर समजावली, संमती घेतली, पडदा ओढला. माझी रूममेट परीक्षेच्या आदल्या रात्री झोपेत पडदा ओढायची. सकाळी माझं पांघरूण तिच्या मुठीत सापडायचं.

सराव डमीवरच करा. डमीसारखा गुणी पेशंट नाही. तिची शीर सरकत नाही, ती 'आई गं' करत नाही, आणि तिचे नातेवाईक दाराशी उभे नसतात. तिच्या दंडात आजवर इतक्या सुया गेल्यात की नव्या सुईला जुनं भोकच वाट दाखवतं. स्नायूत ९० अंश, कातडीखाली ४५, त्वचेच्या आत १० ते १५, सगळे कोन तिथे बिनचूक येतात. परीक्षेच्या दिवशी मात्र समोर येतो तो हाडाला कातडी चिकटलेला, आखडून घेतलेला खराखुरा दंड. त्याचं काय करायचं हे चेकलिस्टमध्ये नाही, म्हणजे त्याला मार्कही नसणार.

हात धुण्याला मात्र मार्क आहेत, म्हणून हात मनापासून धुवा. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद आणि सॅनिटायझरने २० ते ३०, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक्झामिनर पाहत असेल तर बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोकं, काही सोडू नका. तिची मान वळली की उरलेले सेकंद तुमचे. मग स्वच्छ हाताने नळ बंद करा, कपाळावरची बट मागे सारा, चष्मा वर ढकला आणि पेशंटकडे चला. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायची सक्ती केली आणि त्याच्या विभागातले बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने खाली आले. सहकाऱ्यांना ते पचलं नाही. १८६५ मध्ये बिचारा वेड्यांच्या इस्पितळात गेला. साहजिकच आहे. मृत्यू कमी करून दाखवले, पण हातात चेकलिस्ट नव्हती.

तुमच्याकडे ऑस्की, म्हणजे एकेका स्टेशनवर एकेक काम करत पुढे सरकायची प्रॅक्टिकल परीक्षा, असेल तर तिची तऱ्हा वेगळी. स्कॉटलंडमधल्या डंडीत १९७५ साली हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. सगळ्यांना सारखी स्टेशनं, सारखा वेळ, सारखी चेकलिस्ट, म्हणजे एकाच परीक्षकाच्या लहरीवर निकाल अवलंबून राहू नये. हेतू चांगलाच होता. आता तो बऱ्याच परीक्षकांच्या लहरींवर अवलंबून असतो. इथे एकच ध्यानात ठेवा, घंटा वाजली की हातातलं टाकून पुढच्या स्टेशनवर पळायचं. पेशंट कुशीवर वळवलेला असेल तर तसाच राहू द्या. पुढची येईल ती सरळ करेल. तिच्या चेकलिस्टमध्ये असेल तर.

औषध देताना योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच मुद्दे धडाधडा म्हणून टाका. पाचाचे पुढे सहा झाले, सात झाले, काही पुस्तकांत दहापर्यंत गेलेत, तेव्हा ऐन वेळी एखादा आठवला नाही तर घाबरू नका, परीक्षकालाही सगळे आठवत नसतात. पेशंटची ओळख पटवायची सोपी रीत म्हणजे तुम्हीच नाव घेऊन विचारा, 'तुम्ही अमुकबाई ना?' अर्धवट झोपेतला, कमी ऐकू येणारा, गोळीने गुंगलेला, कुठलाही पेशंट 'हो' म्हणतो. 'तुमचं पूर्ण नाव सांगा' असं विचारून हातातला पट्टा वाचत बसलात तर भलतंच काहीतरी निघायची शक्यता असते.

सलाइनचं गणित पाठ असू द्या. ५०० मिली, चार तास, मिलीला २० थेंब. उत्तर मिनिटाला ४१.६७ थेंब येतं. आमच्यातल्या एकीने ते तसंच लिहिलं आणि मग खरोखर ड्रिप चेंबरकडे डोळे लावून बसली, बहुधा तो पॉइंट सदुसष्टावा थेंब कधी पडतो ते पाहायला.

ड्रेसिंगमध्ये सगळी मौज आहे. स्टेराइल, म्हणजे निर्जंतुक, कापडाच्या कडेचा अडीच सेंटिमीटरचा पट्टा अनस्टेराइल धरायचा, हात कमरेखाली गेला तर तोही गेला. पण फोर्सेपचा चिमटा कडेला लागला आणि कोणी पाहिलं नाही, तर तो लागला असं म्हणता येतं का? जंतूंनाही परीक्षेचं गांभीर्य असतं. अशा वेळी खोकला काढा, छताकडे बघा, 'आजी, दुखतंय का?' असं मोठ्याने विचारा. आमच्या बॅचमधली एक आगाऊ मुलगी सरळ हात वर धरून म्हणाली, 'मॅडम, माझं अनस्टेराइल झालं, नवा सेट घेते.' खोलीत सगळे तिच्याकडे बघायला लागले. मॅडमनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. ती पास झाली, चांगल्या मार्कांनी झाली. पण असले अपवाद डोक्यात घेऊ नका.

बीपीचं तंत्र मी खास सांगते, कारण यात अनुभव लागतो. कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा फुगणारा पट्टा, दंडाच्या मापाचा हवा, आतल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के, लांबी ८०. पण टेबलावर असेल तोच कफ आपल्या मापाचा. आधी नाडीवर बोट ठेवून कफ फुगवायचा, नाडी लागेनाशी झाली की आणखी २० ते ३० वर न्यायचा आणि मग सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर असा हळूहळू उतरवायचा. इतका धीर कोणाला असतो? शिवाय स्टेथोमध्ये ऐकू येतो तो स्वतःच्याच छातीचा धडधडाट. तेव्हा काटा ऐटीत खाली येऊ द्या, दोनदा भुवई उचला आणि आकडा लिहा. १२०/८० लिहू नका, ते ओळखतात. १२४/७८ छान दिसतं. विषम आकडा तर चुकूनही नको. काट्याच्या यंत्रावर रेषा दोन-दोनच्या अंतराने असतात. एकीने ११७ लिहिलं. परीक्षकबाईंनी फक्त डायल तिच्यापुढे धरला आणि म्हणाल्या, 'एकशे सतरा दाखव.'

व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तयारी लागत नाही. कुठल्याही प्रश्नाला 'पेशंटला धीर देणे' हे उत्तर चालतं.

राहता राहिले श्वास. पुस्तकात लिहिलंय की ते पूर्ण एक मिनिट मोजायचे आणि पेशंटला कळू न देता मोजायचे, कारण कळलं की तो वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, नजर गुपचूप छातीवर न्यायची. एक मिनिट! तीस खाटांच्या वॉर्डात एवढी मिनिटं कोणाकडे असतात? मोठ्या माणसाचे श्वास १२ ते २०, त्यातले अठरा कोणालाही शोभतात. वॉर्डातला कुठलाही चार्ट उघडा, नाडी बदलते, ताप चढतो-उतरतो, श्वास अठरा. प्रकृती ढासळू लागली की श्वासांचा वेग बऱ्याचदा सगळ्यांत आधी वाढतो, असंही पुस्तकात आहे. पुस्तकात पुष्कळ काय काय असतं.

माझ्या परीक्षेला खिडकीजवळच्या खाटेवरची एक आजी आली. आधीचे तीन दिवस त्याच वॉर्डात माझी ड्युटी होती, त्यामुळे मी खूश. आजींनी मला ओळखलं, हात आपण होऊन पुढे केला. मी नाडी मोजली, मनगट सोडलं आणि अठरा लिहिलं. एक्झामिनर मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या. 'पुन्हा मोज,' म्हणाल्या, 'मी घड्याळ बघते.' मी मोजायला लागले. आजींच्या गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. वाक्य बोलताना त्या मध्येच थांबत होत्या, आणि त्यांना बोलायची सवय आहे म्हणून मला ते तीन दिवस गमतीचं वाटत होतं. मिनिट संपलं. अठ्ठावीस.

मॅडमनी आवाज चढवला नाही. सिस्टरला हाक मारून ऑक्सिजन लावायला आणि डॉक्टरांना बोलवायला सांगितलं, आजींच्या पाठीमागे उशी सारली आणि खाटेच्या पायाशी लटकलेला चार्ट काढला. काल सकाळी अठरा. काल संध्याकाळी अठरा. परवा अठरा, तेरवा अठरा.

'हे कोणी लिहिलंय?' त्यांनी विचारलं. अक्षर माझंच होतं, आताच्या अठरासारखं, आठाच्या शेपटीला तोच गोल.

तेव्हा अठरा लिहाच, पण आठ काढायच्या दोन-तीन तऱ्हा आधी वहीत बसवून घ्या.