पडलो नाही, बसलो होतो

"कशानं लागलं, गुरुजी?" डाव्या बरगडीवर बोट टेकवत डॉक्टरांनी विचारलं.

"गाडीनं."

"पडले का?"

"नाही. बसलो होतो."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा बरगडीकडे. "डाग गोल कसा आहे पण?" या प्रश्नाला मी खोकून उत्तर दिलं. ती चूक झाली. बरगडी दुखावली असताना माणसानं खोकू नये.

त्याचं असं झालं. पुतण्यानं इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी मित्रांना घेऊन गो-कार्ट बनवली. मार्क मिळाले, पोरं नोकरीला पुण्याला गेली, आणि कार्ट आमच्या गोठ्यात आली. कुटाराच्या पोत्यांखाली ती सहा महिने सुखात होती. मार्चच्या शेवटी खबर आली की दारव्ह्याकडच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात कार्टची तीन तासांची शर्यत आहे. पाच संघ, एका संघात चार जण, एकानं सलग अर्ध्या तासाच्या वर चालवायची नाही, आणि दर बदलाला तीन मिनिटांचा सक्तीचा थांबा.

"तीन तास?" किराणावाले भाऊ म्हणाले. "शंकरपटात जोडी दहा सेकंदात मोकळी होते न बे. तीन तास काय करून रायले हे लोक?"

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि भाऊंचे वडील तिथले नावाजलेले धुरकरी, जोडी हाकणारे. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं पट बंद केले, तेव्हा घरचा छकडा आढ्याला टांगला गेला. २०२१च्या डिसेंबरात परवानगी मिळाली तोवर छकड्याला वाळवी लागली होती आणि भाऊंचं वजन ९८ किलो झालं होतं. रक्तात वेग होता, बसायला वाहन नव्हतं. भाऊ तयार झाले. वेल्डर आला, वायरमन आला. चौथा मी, कारण कार्ट माझ्या गोठ्यात होती.

कार्ट म्हणजे जमिनीपासून चार बोटं वर ठेवलेली खुर्ची. तिला शॉकअप नसतात. मागच्या दोन्ही चाकांना एकच अखंड आस, दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरन्शियल नाही. त्यामुळे वळणावर आतलं मागचं चाक जरा उचललं गेलं तरच गाडी वळते, नाहीतर नाक खुपसून सरळ जाते. हे उचलण्याचं काम चौकट पिळून करते, आणि चौकटीला घट्ट बसवलेल्या सीटमधला माणूसही तिच्यासोबत पिळला जातो. कॅलिफोर्नियात १९५६ साली आर्ट इंगल्स नावाच्या माणसानं गवत कापायच्या यंत्राचं इंजिन लावून पहिली कार्ट बनवली. गवत विळ्यानं कापलं असतं तर माझी बरगडी शाबूत राहिली असती.

बायकोनं गाडीभोवती एक चक्कर मारली. "पट्टा कुठी आहे?"

"कार्टला पट्टा नसतो. उलटली तर माणूस बाहेर फेकला गेलेला बरा, असं शास्त्र आहे."

"बरं आहे," ती म्हणाली, आणि माझ्या बंडीच्या खिशात एक कांदा ठेवला. एप्रिलात घराबाहेर पडायचं तर खिशात कांदा हवाच.

वजनाचा नियम वेगळाच निघाला. हलक्या माणसाला फायदा मिळू नये म्हणून गाडी आणि चालक मिळून ठरलेलं किमान वजन भरावं लागतं. वायरमन ५१ किलोचा, पंधरा किलो कमी पडले. बाकीच्या संघांनी सीटला शिशाच्या पट्ट्या बोल्टनं कसल्या होत्या. भाऊंनी दुकानातून पाच-पाच किलोची तीन लोखंडी मापं आणली, वेल्डरनं त्यांना आरपार भोकं पाडली आणि सीटच्या मागे कसून टाकली. भाऊ चालवताना मात्र दुकानच उतरवावं लागे.

शर्यत सकाळी सहाला सुरू होऊन उन्हाआधी संपणार होती. प्रमुख पाहुणे नऊ वाजून दहा मिनिटांनी आले. हार, नारळ, दोन शब्द. दोन शब्दांना चाळीस मिनिटं लागली.

सुरुवात फ्रान्समधल्या ल मान शर्यतीच्या जुन्या पद्धतीची: गाड्या एका कडेला, चालक दुसऱ्या कडेला, शिटी वाजली की धावत जाऊन बसायचं. चार कॉलेजची पोरं हरणासारखी सुटली. भाऊ चालत निघाले. मी पुतण्याकडून ऐकलं होतं की १९६९ साली ल मानच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅकी इक्स नावाचा चालक असाच मुद्दाम चालत गेला होता. धावत जाऊन घाईत पट्टा न बांधता गाडी हाणणं त्याला मान्य नव्हतं. तो सगळ्यात शेवटी निघाला आणि शंभर-सव्वाशे मीटरनं जिंकला. भाऊंचा निषेध वगैरे काही नव्हता. गुडघा होता.

पहिल्या दहा मिनिटांत इंजिन तापलं. मोटरसायकलचं १२५ सीसीचं इंजिन ते. मोटरसायकलवर त्याला समोरून वारा लागतो, इथे ते सीटच्या मागे, आणि वाऱ्याच्या वाटेत भाऊ. त्यात जिनिंगचं आवार. हंगाम संपला तरी कोपऱ्याकोपऱ्यात कापूस उरलेला. पाचही गाड्यांनी तो असा उडवला की एअर फिल्टरला पांढरी दाढी आली. वेल्डर दर थांब्याला ती उपटून काढायचा आणि सवयीनं वळून वात करून खिशात ठेवायचा.

मग पिवळा झेंडा फडकला. म्हणजे पुढे धोका आहे, कोणी ओव्हरटेक करायचं नाही. धोका म्हणजे एक गोऱ्हा. सरकीच्या वासानं आत शिरला आणि ट्रॅकच्या मधोमध चरत उभा राहिला. चौघंही भावी इंजिनीअर गाड्या थांबवून एकमेकांकडे पाहू लागले. भाऊ उतरले, त्याच्या वशिंडावर हात ठेवला, जिभेनं एकदा "ट्टक्" केलं, आणि गोऱ्हा त्यांच्यामागून फाटकाबाहेर गेला. दिवसभरातल्या टाळ्या आम्हाला एवढ्याच मिळाल्या.

भाऊंना आत बोलवायला मी शाळेचा फळा धरून उभा. "आत या." भाऊ हात हलवून पुढे जायचे. अक्षर मी मोठं केलं, रंगीत खडू वापरला. हेल्मेटमध्ये मावत नाही म्हणून त्यांनी चष्मा दुकानात ठेवला होता, हे सत्तेचाळीस मिनिटांनी कळलं. दंड: दहा फेऱ्या वजा.

माझी पाळी साडेअकराला. ४३ अंश. हेल्मेटखाली ओला दुपट्टा, तो दोन फेऱ्यांत वाळला. जिनिंगचं फरसबंद म्हणजे सिमेंटचे चौकोन, दर चौकोनाला सांधा. गंजीवरून फिरणाऱ्या ट्रॅक्टरला तो कळत नाही. मला एकेक कळला. एका फेरीत मी एकाहत्तर सांधे मोजले, मास्तर असल्यामुळे. प्रत्येक सांध्याला सीट डाव्या बाजूनं आत यायची, आणि सीट व बरगडी यांच्यामध्ये बंडीचा खिसा होता. खिशात कांदा.

मनगटं सुन्न झाली, मान हेल्मेटसकट बाहेरच्या बाजूला लोंबू लागली. विसाव्या मिनिटाला तर बाजूनं जाणाऱ्या पोरानं मला हातानं "काका, थोडं कडेनं" अशी खूण केली, तीही अगदी आदरानं. राग त्या आदराचा आला. मी ॲक्सिलरेटर दाबला, वळणावर आतलं चाक उचललं गेलं, गाडी पहिल्यांदाच वळल्यासारखी वळली, आणि त्याच क्षणी चेन तुटली. वायरमननं स्वतःच्या स्प्लेंडरची चेन काढून आणली. मापाची निघाली. तो घरी ट्रॅक्टरवर गेला.

जिंकणाऱ्यांच्या २६१ फेऱ्या, आमच्या १८७, दंड वजा करून १७७. पाचातले पाचवे. चौथ्यांची गाडी शेवटच्या तासात बंद पडून होती, तरी.

कांदा घरी येईपर्यंत खिशात सपाट झाला होता. बायकोनं बंडी तीनदा धुतली. डॉक्टरांना मी हे सांगितलं नाही, पण शेवटी तेच म्हणाले, "कांद्याचा वास येऊन रायला का हो?"

मापं भाऊंनी दुकानात परत ठेवली. पाच किलोच्या मापाला आरपार भोक म्हणजे तीस-पस्तीस ग्रॅम लोखंड गेलं. वैधमापनवाले कधीही येऊ शकतात, म्हणून नवी मागवली आहेत. ती येईपर्यंत भाऊ वजन झाल्यावर वरून एक मूठ साखर घालतात. मूठ भाऊंची आहे. आम्ही सध्या साखर तिथूनच आणतो.