खाडा पडला म्हणून पाटी कोरी होत नाही

व्यायामाच्या ग्रुपवर दर महिन्या-दोन महिन्यांनी एक मेसेज नव्याने फिरायला लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे, मजकूर तोच: "सवय लागायला २१ दिवस लागतात. सलग करा. मधे एकही खाडा पडला तर मोजणी पुन्हा एकपासून. दोन आठवडे सोडलंत तर आधीची सगळी मेहनत पाण्यात. आणि चुकलात तर स्वतःला माफ करू नका, माफी म्हणजे पळवाट." खाली अंगठ्यांची रांग.

मी हा मेसेज एकेकाळी अक्षरशः पाळलाय. कपाटाच्या दाराला आतून कॅलेंडर चिकटवलं होतं, रोज रात्री लाल पेनाने एक फुली. सतरा फुल्या झाल्या आणि अठराव्या दिवशी जिना उतरताना पाय मुरगळला. आठवडाभरात सूज उतरली, चालता येऊ लागलं. व्यायाम मात्र पुन्हा सुरू झाला पाच महिन्यांनी. त्यातला एक आठवडा घोट्याच्या नावावर, बाकी सगळा या मेसेजच्या. म्हणून आज तो ओळीओळीने तपासते.

आधी ते २१ दिवस. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली आपल्या पुस्तकात लिहिलं की शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. आरशातल्या नव्या नाकाची सवय होणं वेगळं आणि रोज पहाटे उठून पळायला जाणं वेगळं. पण आकडा सुटसुटीत होता, 'किमान' हा शब्द वाटेत गळून पडला आणि उरला तो नियम.

सवयीवर खरंखुरं मोजमाप केलं ते फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये. ९६ जण, १२ आठवडे, प्रत्येकाने खाण्यापिण्यातली किंवा व्यायामाची एक गोष्ट निवडून ती रोज ठरलेल्या वेळी करायची. ती आपसूक व्हायला लागायचा सरासरी काळ निघाला ६६ दिवस. कुणाला १८ पुरले, तर कुणासाठी हिशेब २५४ पर्यंत गेला (अभ्यास ८४ दिवसांचाच होता, त्यामुळे हा वरचा आकडा गणिताने काढलेला). म्हणजे बाविसाव्या दिवशीही अंथरुणातून उठणं जिवावर येत असेल तर तुमच्यात काही खोट नाही.

त्याच अभ्यासात दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर आहे, आणि ते फॉरवर्ड करायचं मात्र कुणाला सुचत नाही. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. वारंवार दांड्या मारणाऱ्यांची गोष्ट वेगळी. सातत्य लागतंच, तेवढं मेसेजचं बरोबर आहे. पण 'मोजणी पुन्हा एकपासून' हे शरीराला कुणी सांगितलेलं नाही. फुल्या कॅलेंडरवर असतात, स्नायूंवर नाही.

आता दोन आठवड्यांत सगळं पाण्यात जाण्याबद्दल. इथे थोडं थांबायला हवं, कारण यात अर्धं सत्य आहे. दम कमी होतो, हे खरं. एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली चांगले तयारीचे खेळाडू सराव थांबवल्यावर काय होतं ते मोजलं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता साधारण ७ टक्क्यांनी उतरली, आठ आठवड्यांत १६ टक्क्यांच्या आसपास. सुरुवातीच्या घटीचं मोठं कारण म्हणजे रक्तातला द्रवाचा भाग कमी होणं, आणि तो सराव सुरू केला की लवकर भरून येतो. स्नायूंची ताकद तर दोन-तीन आठवडे बऱ्यापैकी टिकते. म्हणजे दोन आठवड्यांनी शंभरातले त्र्याण्णव हातात असतात आणि आपण शून्य धरून रडत बसतो.

यातलं माझं सर्वांत आवडतं उदाहरण डॅलसचं. १९६६ साली विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे नुसतं अंथरुणावर झोपवून ठेवलं. त्यांची क्षमता इतकी घसरली की तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा तीस वर्षांच्या वयाने केलेलं नुकसान त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याहून कमी भरलं. मग पन्नाशीच्या त्या माणसांकडून सहा महिने हळूहळू वाढवत सराव करून घेतला, आणि दमाच्या बाबतीत ते विशीतल्या पातळीला परत आले. पाच जणांचाच प्रयोग, मान्य. पण तीस वर्षांची घट सहा महिन्यांत भरून निघत असेल, तर माझ्या पाच महिन्यांचं काय घेऊन बसायचं?

वजनकाट्याचंही तेच. दोन दिवस हात सैल सोडून खाल्लं की काटा किलो-दीड किलोने वर जातो आणि माणूस हाय खातो. स्नायूंत आणि यकृतात साठणारं ग्लायकोजेन आपल्या सुमारे तिप्पट पाणी सोबत धरून ठेवतं. ती वाढ बहुतेक पाण्याची असते. किलोभर चरबी चढायला गरजेपेक्षा ७,०००हून जास्त कॅलरी पोटात जाव्या लागतात. तितकं आपण खाल्लेलं नसतं.

राहिली 'स्वतःला माफ करू नका' ही ओळ. तीच सगळ्यांत घातक. १९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी काही तरुणींना आधी मिल्कशेक पाजला, मग चव घेण्याच्या निमित्ताने आइस्क्रीम पुढ्यात ठेवलं. एरवी पथ्य न पाळणाऱ्यांनी पोट भरल्यामुळे कमी खाल्लं. कडक पथ्य पाळणाऱ्यांनी मात्र उलट जास्त हाणलं. नियम मोडलाच आहे, मग आता कशाला हात आखडायचा! २००७ साली क्लेअर अ‍ॅडम्स आणि मार्क लिअरी यांनी असाच प्रयोग डोनट देऊन केला, पण काही जणींना मधेच सांगितलं की असं सगळेच खातात, स्वतःला फार बोलू नका. पथ्यवाल्यांपैकी ज्यांना हा दिलासा मिळाला, त्यांनी नंतर गोळ्या-चॉकलेटं कमी खाल्ली. पळवाट म्हणून ज्या माफीला झोडपतात, तिनेच त्यांना सावरलं.

मेसेजमध्ये एक गोष्ट अजिबात नाही: परतायचं कसं. दुखापतीनंतर सोडलं होतं तिथूनच सुरू करणं हा शुद्ध वेडेपणा. स्नायूंना जुनं लवकर आठवतं, पण त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा हळू तयार होतात, आणि जोशात नेमकी तिथेच पुन्हा लचक भरते. आधीच्या निम्म्याने सुरुवात करावी. किती मिनिटं केलं याची लाजही नको. आठवड्याला १५० मिनिटं सांगणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली 'एका वेळी निदान दहा मिनिटं तरी' ही जुनी अट काढून टाकलीय.

माझी पहिल्या दिवशी आठच मिनिटं झाली. घोट्याला पट्टी बांधून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. रात्री कपाट उघडलं, मधली पाच पानं उलटली आणि त्या दिवसाच्या चौकोनात फुली मारली. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, अठरा.